थायलंडच्या शाळेत इंग्रजीचे सहायक म्हणून जाताय? या चुका टाळा

एप्रिल मोकळा आहे म्हणून थायलंडच्या शाळेत स्वयंसेवक म्हणून जायचं ठरवलं, तर पहिली चूक तिथेच झाली. एप्रिलमध्ये तिथे शाळाच नसते. सरकारी शाळांचं पहिलं सत्र मे महिन्याच्या मध्यावर सुरू होतं आणि ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास संपतं. दुसरं सत्र नोव्हेंबर ते मार्च. सत्राच्या शेवटच्या आठवड्यांत परीक्षा चालतात, त्यामुळे खरं काम करायला मेअखेर ते सप्टेंबरचा मध्य किंवा नोव्हेंबर ते फेब्रुवारी हेच दिवस उपयोगाचे. त्यातही क्रीडादिन, स्काउटचं शिबिर, धार्मिक सुट्ट्या यांत तास बुडतात. म्हणून तिकीट काढण्याआधी शाळेकडून सत्राचं वेळापत्रक मागवा. त्यावर वर्ष २५६९ छापलेलं दिसलं तर गोंधळू नका. थाई बौद्ध सन इसवी सनाच्या ५४३ वर्षं पुढे आहे, म्हणजे ते २०२६ झालं.

पर्यटक म्हणून जाऊन शिकवणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. ‘पगार घेत नाही, मग काम कसलं?’ हा युक्तिवाद इमिग्रेशनच्या खिडकीवर चालत नाही. थायलंडमध्ये विनामोबदला शिकवण्यासाठीही योग्य प्रकारचा नॉन-इमिग्रंट व्हिसा आणि वर्क परमिट लागतं. स्वयंसेवकांना बहुधा ‘नॉन-ओ’ वर्गातला व्हिसा मिळतो. परमिटशिवाय काम करताना सापडलात तर ५,००० ते ५०,००० बाट दंड आणि देशाबाहेर रवानगी, असा कायदा आहे. एखादी संस्था ‘टुरिस्ट व्हिसावर या, पुढचं बघू’ म्हणाली, तर तिथेच थांबा. त्या संस्थेला तीन प्रश्न लेखी विचारा: निमंत्रणपत्र कोण देणार, वर्क परमिटचा अर्ज कोण भरणार आणि त्याचा खर्च कोणाकडे. उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरी संस्था शोधा.

संस्था अनाथाश्रमात शिकवायला पाठवत असेल तर आणखी सावध व्हा. अल्पमुदतीचे पाहुणे येत राहावेत म्हणून मुलांना घरापासून दूर ठेवण्याचे प्रकार आग्नेय आशियात झालेले आहेत. तुमचा पोलिस पडताळणीचा दाखलाही न मागता मुलांमध्ये सोडणारी जागा चांगली नव्हे. रोजचे शिक्षक असलेली नियमित शाळाच निवडा.

व्हिसा हातात आल्यावरची चूक वेगळी आणि ती हमखास शनिवार-रविवारीच होते. शुक्रवारी संध्याकाळी सीमेवरच्या नोंग खाय गावाहून मैत्री पूल ओलांडून लाओसमध्ये व्हिएन्तियानला जायचं, रविवारी परत यायचं, बेत छानच आहे. पण एकदाच प्रवेश देणारा व्हिसा असेल, तर सीमा ओलांडताक्षणी तुमचा मुक्कामाचा परवाना संपतो. परत येताना तुम्ही साधे पर्यटक, आणि सोमवारी वर्गात उभं राहणं बेकायदा. यावर उपाय म्हणजे जाण्याआधी इमिग्रेशन कार्यालयातून री-एंट्री परमिट काढणं. फॉर्म टीएम ८, एक वेळचे १,००० बाट, अनेक वेळांचे ३,८००. मोठ्या विमानतळांवर हे मिळतं, पण जमिनीवरच्या सीमाचौकीवर मिळेलच असं धरून चालू नका. वेळेआधी शाळेजवळच्या कार्यालयातून घ्या.

दोन नोंदी लोक विसरतात. तुम्ही कुठे राहता हे घरमालकाने २४ तासांत इमिग्रेशनला कळवायचं असतं (फॉर्म टीएम ३०). ते झालं की नाही हे तुम्हीच विचारा, कारण पुढच्या कुठल्याही अर्जाला त्याची पावती मागतात. दुसरी, सलग ९० दिवस राहिलात तर पत्त्याची नोंद. ती ठरलेल्या तारखेच्या १५ दिवस आधीपासून ७ दिवस नंतरपर्यंत करता येते. ही नोंद वेगळी आणि मुक्कामाच्या परवान्याची मुदत वेगळी; ती उलटून राहिलात तर दिवसाला ५०० बाट, कमाल २०,००० दंड पडतो.

वर्गात काय बिघडतं

सहायक म्हणून गेलेला माणूस पहिल्याच दिवशी मुख्य शिक्षक होऊन बसतो, तेव्हा वर्ग हातातून जातो. चाळीस मुलं, पन्नास मिनिटांचा तास, मागे बसलेल्या थाई शिक्षिका आणि पुढे एकटेच बोलणारे तुम्ही. मुलं हसतात, मान डोलावतात, पण त्यांना काहीच कळलेलं नसतं. आदल्या दिवशी थाई शिक्षिकेसोबत दहा मिनिटं बसून वाटणी ठरवा. सूचना आणि शिस्त त्यांची, नमुना संभाषण आणि उच्चार तुमचे, जोडीकामाच्या वेळी दोघांनी वर्गाचा अर्धा-अर्धा भाग फिरायचा. तासाची आखणी अशी ठेवता येते: ५ मिनिटं उजळणी, १० नवे शब्द (सहा ते आठ, जास्त नाही), १५ सगळ्यांनी मिळून मग रांगेने मग जोडीने बोलणं, १५ खेळ किंवा लेखन, शेवटची ५ तपासणी.

‘कळलं का?’ हा प्रश्न तर विचारूच नका. उत्तर कायम ‘येस, टीचर’ असंच येतं. त्याऐवजी करून दाखवायला सांगा: ‘वहीतलं तिसरं चित्र दाखवा’, ‘आता कोण बोलणार, तुम्ही की शेजारचा?’ एकट्या मुलाला उभं करून चूक सुधारली की तो आठवडाभर तोंड उघडत नाही. थाई वर्गात सगळ्यांदेखत पडणारा कमीपणा फार लागतो. आधी अर्धा मिनिट शेजाऱ्याशी बोलू द्या, मग जोडीला विचारा. चूक झाली तर बरोबर वाक्य सहज आपल्या तोंडून म्हणून पुढे चला.

आता उच्चार. सहायकाचा खरा उपयोग इथेच आहे, म्हणून इथली चूक जास्त खटकते. थाई शब्दाच्या शेवटी मोजकीच व्यंजनं येतात. शेवटचा ‘ल’ आणि ‘र’ यांचा ‘न’ होतो, ‘स’ आणि ‘च’ यांचा अडवलेला ‘त’. म्हणून ‘बॉल’चं ‘बॉन’ होतं, ‘बस’चं ‘बत’, ‘स्कूल’चं ‘सकून’. ‘राइस’ आणि ‘राइट’ एकसारखे ऐकू येतात. मूल आळशी नाही, त्याच्या भाषेत ती जागाच नाही. ‘पुन्हा म्हण, मोठ्याने’ असं वीस वेळा सांगून फरक पडत नाही. शेवटचा आवाज ताणून दाखवा: ‘ब’ म्हणून थांबा, मग दोन सेकंद ‘स्स्स’, मग दोन्ही जोडा. ‘ल’साठी जिभेचं टोक वरच्या दातांमागे टेकवून तिथेच धरून ठेवायला लावा, छोटा आरसा हातात द्या. रोज तीन मिनिटं, चार-पाच शब्द, तेवढं पुरे.

मराठी बोलणाऱ्यांसाठी इथे एक खास सापळा आहे. आपण ‘पेन’, ‘कॅट’ श्वास न सोडता म्हणतो. इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीच्या या ध्वनींवर फुंकर असते. थाईत आपल्या ‘प’ आणि ‘फ’सारखे, ‘क’ आणि ‘ख’सारखे जोड वेगळी अक्षरं आहेत, त्यामुळे मुलं तुमचा ‘प’ नेमका पकडतात आणि तोच गिरवतात. ओठांसमोर टिश्यू पेपरची पट्टी धरून बघा. ‘पेन’ म्हणताना ती हलली पाहिजे. ‘टेबल’ म्हणताना आपली जीभ मागे वळते, ती दातांमागच्या उंचवट्यावर सरळ टेकवा. ‘वेस्ट’ आणि ‘व्हेस्ट’मध्ये आपण फारसा फरक करत नाही, आणि थाईत ‘व्ही’चा ध्वनी नाही. म्हणजे शिकवणारा आणि शिकणारा दोघेही तिथेच घसरतात. खालचा ओठ दातांनी हलका दाबला तर ‘व्ही’, ओठ गोल केले तर ‘डब्ल्यू’, हे आधी घरी घोटून जा.

काही गोष्टी थोडक्यात. मुलांच्या डोक्यावर हात ठेवू नका, पाय त्यांच्याकडे रोखून बसू नका. सकाळी आठला राष्ट्रगीत लागलं की जिथे असाल तिथे उभे राहा. राजघराण्याबद्दल वर्गात किंवा ऑनलाइन शेरेबाजी अजिबात नको, थाई दंडसंहितेच्या कलम ११२ खाली ३ ते १५ वर्षांची कैद आहे. मुलांचे फोटो परवानगीशिवाय कुठेही टाकू नका.

शनिवार-रविवारचे बेत

नकाशावर जवळ दिसतं म्हणून उत्तरेकडचं चियांग माई धरणं ही नेहमीची चूक. बँकॉकहून ते सुमारे ७०० किलोमीटर आहे, रात्रीची गाडी अकरा ते तेरा तास घेते. रविवारी संध्याकाळी निघालेली गाडी सोमवारी सकाळी पोहोचते, तास-दोन तास उशीर झाला की आठची प्रार्थना चुकली. ते लांब सुट्टीसाठी ठेवा, फेब्रुवारी ते एप्रिल सोडून, कारण तेव्हा तिथे शेतं जाळल्याचा धूर असतो.

शाळा बँकॉकच्या आसपास असेल तर जुनी राजधानी अयुथया सर्वांत सोयीची. सुमारे ८० किलोमीटर, साध्या गाडीचं भाडंही अगदी थोडं. कांचनाबुरीसाठी गाडी थोनबुरी स्थानकातून सुटते, तीही दिवसातून दोनच, त्यामुळे मुख्य स्थानकावर जाऊन उभे राहू नका. लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्या जानेवारी २०२३पासून क्रुंग थेप अफिवत स्थानकातून सुटतात. जुनी माहिती वाचून अजूनही लोक हुआ लाम्फोंग या जुन्या स्थानकाला जातात आणि गाडी चुकवतात. कांचनाबुरीहून एरावानचा सात टप्प्यांचा धबधबा गाठायचा तर सकाळीच निघा. वरचे टप्पे दुपारनंतर बंद करतात आणि परतीची शेवटची बस संध्याकाळ होण्याआधीच जाते. परदेशी पाहुण्यांना तिथे ३०० बाट प्रवेशशुल्क आहे, खाओ याई राष्ट्रीय उद्यानात ४००. सिमिलान बेटं मे महिन्याच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंद असतात. म्हणजे पहिल्या सत्रात गेलात तर तो बेत विसरा.

स्कूटर भाड्याने घेताना मूळ पासपोर्ट ठेवून घेऊ देऊ नका, रोख अनामत द्या. दुचाकीचा परवाना आणि आंतरराष्ट्रीय परवाना यांपैकी एकही नसेल तर अपघातात प्रवासविमा पैसे नाकारतो, आणि थायलंडच्या रस्त्यांवर दुचाकीचे अपघात खूप होतात. कुत्रा किंवा माकड चावलं, नुसतं ओरबाडलं तरी, साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठा. सोमवारपर्यंत थांबू नका. रुग्णवाहिकेसाठी १६६९, पर्यटक पोलिसांसाठी ११५५.

आणि रविवारी कुठे अडकलातच, तर थाई शिक्षिकेला ‘लाइन’ या मेसेजिंग ॲपवर रात्रीच कळवा, सोबत तासाचे शब्द आणि खेळाची एक ओळ पाठवा. सकाळी सात वाजता आलेला माफीचा निरोप त्यांना वर्गात काहीच कामाचा नसतो. शब्दांची यादी असली तर त्या तास घेऊ शकतात.