छपराचे पूल बघायला निघण्यापूर्वी

अमेरिकेच्या आयोवा राज्यातल्या मॅडिसन काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) एके काळी छपराचे १९ लाकडी पूल होते. आज ६ उरलेत. सहाही एका दिवसात बघून होतात, पण त्यासाठी अख्खा दिवस मोकळा हवा. सकाळी आठला घर सोडा आणि संध्याकाळी कुणाला जेवायला बोलावू नका. भारतातून आलेले आईबाबा, मावशी, मित्र अशा बऱ्याच जणांना आयोवाची राजधानी डे मॉइनहून मी तिथे नेलंय. पुढचं सगळं त्या खेपांमधून शिकलेलं आहे.

आदल्या रात्री नकाशा फोनमध्ये उतरवून घ्या आणि गाडीची टाकी भरा. विंटरसेट हे काउंटीचं मुख्य गाव. तिथून बाहेर पडलं की बरेच रस्ते खडीचे आहेत आणि सखल भागात फोनची रेंज दगा देते. पाऊस पडून गेला असेल तर एक दिवस थांबलेलं बरं. सप्टेंबर-ऑक्टोबरात मक्याची कापणी चालते, तेव्हा समोरून रस्ताभर रुंदीचं कापणीयंत्र येऊ शकतं. गाडी कडेला घ्या, त्यांना आधी जाऊ द्या. त्यांची ती कामाची घाई असते. ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवार-रविवारी विंटरसेटला पुलांचा उत्सव भरतो. गर्दी आवडत असेल तर तेव्हा जा, पुलात शांतपणे उभं राहायचं असेल तर मधला वार निवडा.

चपला नकोत, बूट घाला. नदीकाठी गवत वाढलेलं असतं, म्हणून उन्हाळ्यात पूर्ण पँट आणि किड्यांचा स्प्रे. वडीलधारी माणसं बरोबर असतील तर एक घडीची खुर्ची डिकीत टाका. पुलांपाशी पाण्याची किंवा खाण्याची सोय गृहीत धरू नका. पोळीचे रोल आणि थर्मासभर चहा पुरतो.

आणि एक टॉर्च, ती विसरू नका. बहुतेक लोक पुलाचा बाहेरून फोटो काढतात आणि निघतात. खरा पूल आत आहे. आत शिरून टॉर्च बाजूच्या भिंतीवर मारा. तिरप्या फळ्या एकमेकींवरून जाळीसारख्या गेलेल्या दिसतील. इथियल टाउन नावाच्या वास्तुकाराने १८२०मध्ये या जाळीचं पेटंट घेतलं होतं. भार ती जाळी पेलते. बाहेरच्या फळ्या आणि छप्पर आहे ते आतलं लाकूड पावसाबर्फात कुजू नये म्हणून. पुलाची जाड लाकडं बदलणं महाग, बाजूच्या फळ्या बदलणं स्वस्त, असा काउंटीचा साधा हिशोब होता. फळीवर तळहात टेकवून उभे राहा. फटींतून येणारे उन्हाचे पट्टे पायाशी पडलेले असतात आणि खाली पाणी ऐकू येतं. मुलांना इथे पाच मिनिटं गप्प उभं करा, जमतं त्यांना.

वाट अशी धरा. आय-३५ महामार्गाने दक्षिणेला उतरून आधी सेंट चार्ल्सचा आइम्स पूल. १८७०चा, सहांत सर्वांत जुन्यांपैकी, आणि दोनदा जागा बदललेला. मग विंटरसेटच्या वाटेवर हॉलिवेल, १२२ फूट, सर्वांत लांब. विंटरसेटच्या सिटी पार्कमध्ये कटलर-डोनाहो आहे, तो १९७०मध्ये नॉर्थ रिव्हरवरून इथे आणला. त्याच्या उतरत्या छपराचा फोटो घेऊन ठेवा, म्हणजे पुढे रोझमनचं सपाट छप्पर बघताना फरक कळेल. पूल ज्याच्या घराजवळ, त्याचं नाव पुलाला, ही इथली जुनी रीत. याच बागेत २५ फुटी क्लार्क टॉवर आहे. वर जाणारा रस्ता अरुंद आणि चढाचा आहे, मोठी गाडी असेल तर चालत जा.

जेवणाची वेळ विंटरसेटच्या चौकात काढा. मधोमध चुनखडीच्या दगडाचं घुमटवालं कोर्टहाउस आहे, १८७६चं. नट जॉन वेनचं जन्मघर जवळच आहे, चित्रपटांची आवड असेल तर अर्धा तास ठेवा. मी मात्र मराठी पाहुण्यांना आधी कृषिशास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हरच्या नावाच्या छोट्या बागेत नेतो. वीणा गवाणकरांच्या ‘एक होता कार्व्हर’मुळे तो आपल्या घराघरात पोहोचलाय. गुलामीत जन्मलेला हा मुलगा विंटरसेटला आला आणि मिलहॉलंड दांपत्याने त्याला शिकायला लावलं, तेव्हा १८९०मध्ये तो शेजारच्या इंडियनोलाच्या सिम्प्सन कॉलेजात दाखल झाला. निघण्याआधी मुलांना पुस्तकातला हा भाग वाचून दाखवा. माझ्या आईने बागेतल्या बाकावर बसून तो मला तोंडपाठ सांगितला होता.

दुपारी पश्चिमेला रोझमन (१८८३), मग उत्तरेकडे हॉगबॅक (१८८४). रोझमनची गोष्ट वाटेत सांगा: १८९२मध्ये तुरुंगातून पळालेल्या कैद्याला लोकांनी दोन्ही बाजूंनी पुलात कोंडलं, आणि तो ओरडत छपरातून वर गेला तो दिसेनासा झाला, अशी दंतकथा आहे.

सीडर पूल शेवटी ठेवा आणि तिथे जास्त वेळ थांबा. मूळ पूल १८८३चा. २००२मध्ये कुणीतरी तो जाळला. २००४मध्ये लोकांनी जुन्याबरहुकूम पुन्हा बांधला. एप्रिल २०१७मध्ये पुन्हा जाळला, २०१९मध्ये पुन्हा उभा राहिला. १९८३मध्ये जळालेला मॅकब्राइड पूल मात्र परत आला नाही. म्हणून काडेपेटी, लायटर आणि पेन गाडीतच राहू द्या. आतल्या फळ्यांवर नावं कोरलेली दिसतील, आपलं नाव त्यात घालू नका. मुलांना काही लिहायचंच असेल तर वही-पेन्सिल न्या आणि जाळीची आकृती काढायला सांगा.

परतीला महामार्ग १६९ने उत्तरेला निघा, आय-८० महामार्ग लागेल. अंधार पडायच्या आत खडीचे रस्ते सोडा, कातरवेळी हरणं अचानक आडवी येतात.