ब्रिकेट कमरेतच तुटली पाहिजे

सिमेंट-वाळूच्या मसाल्याची ताणशक्ती, म्हणजे तो किती ओढ सोसतो ते, तपासायची ब्रिकेट म्हणजे त्याच मसाल्याचा छोटा ठोकळा; तो इंग्रजी आठच्या आकड्यासारखा असतो. टोकं रुंद, मधे बारीक कंबर. कमरेचा छेद २५.४ बाय २५.४ मिमी, म्हणजे ६४५ चौरस मिमी. लॅबमध्ये नवीन आलेली मुलं मशीनच्या काट्याकडे बघत बसतात. मी त्यांना आधी साचा दाखवते, कारण आकडा बहुतेक वेळा तिथेच बिघडतो.

सहा ब्रिकेटसाठी २५० ग्रॅम सिमेंट आणि ७५० ग्रॅम प्रमाणित (चाचणीसाठी ठरलेल्या दाण्याची) वाळू कोरडीच एकजीव करा. पाणी हिशेबाने घाला: कन्सिस्टन्सी टेस्टमध्ये, म्हणजे सिमेंटचा ठरावीक घट्टपणाचा लगदा व्हायला किती पाणी लागतं त्या चाचणीत, ३० टक्के आले असतील, तर ३० भागिले ५, अधिक २.५, म्हणजे ८.५ टक्के. एक किलोला ८५ ग्रॅम. माल भुरभुरीत, कोरडाच वाटेल. तरी वरून एक थेंबही घालू नका.

साच्याला आतून तेलाचं बोट फिरवा. माल शिगोशीग भरा आणि वर पाण्याची चमक येईपर्यंत थापीने ठोकत राहा. मग साचा उलटा करून दुसरी बाजूही तशीच ठोका. कमरेच्या वळणात हवा हमखास अडकते, तिथे घाई नको.

२४ तास दमट जागी, २७ अंशांच्या आसपास; मग साच्यातून सोडवून स्वच्छ पाण्यात. तपासणी ३ आणि ७ दिवसांनी, प्रत्येक वेळी सहा.

पाण्यातून काढली की फडक्याने टिपून लगेच मशीनला लावा. सुकू दिली तर वरचा थर आकसतो, आधीच ताणाखाली येतो आणि ब्रिकेट लवकर तुटते. भार दर १२ सेकंदांना साधारण ४५० न्यूटन, एकसारखा वाढवा, झटका नको. १६८० न्यूटनला तुटली तर भागिले ६४५, म्हणजे २.६ न्यूटन प्रति चौरस मिमी. जुन्या मानकात साध्या सिमेंटला ७ दिवसांत किमान २.५ लागत, ३ दिवसांत २.

एकदा माझ्या पाच ब्रिकेट २.५ च्या पुढे गेल्या आणि सहावी १.७ ला गेली. तुकडे जुळवून पाहिले, तर ती कमरेत नाही, मशीनच्या जबड्यापाशी, म्हणजे टोक पकडतात तिथे, तुटली होती. जबड्यात वाळूचा एक कण चिकटलेला होता, त्यामुळे ओढ तिरकी बसली. तो आकडा सरासरीत धरला असता, तर चांगल्या सिमेंटवर ठपका आला असता. तेव्हापासून प्रत्येक ब्रिकेटआधी जबडे ब्रशने झाडते, आणि वहीत आकड्याशेजारी ती कुठे तुटली तेही लिहिते.