परम्युटेशनचा पेपर टाइप करायला घेण्याआधी

रविवारच्या टेस्टचा पेपर शुक्रवारी संध्याकाळी येतो, तोही सरांच्या अक्षरात. लातूरच्या ट्यूशन एरियात डीटीपीवाल्याच्या नशिबी हेच. तेव्हा कॉम्प्युटर लावण्याआधी लाल पेन घेऊन कच्चा कागद वाचून काढा. घाईत लिहिलेला पी (परम्युटेशन, म्हणजे क्रम लावण्याचे प्रकार) आणि सी (कॉम्बिनेशन, म्हणजे नुसत्या निवडीचे प्रकार) ओळखू येत नसेल तर लगेच फोन करा. दहा पी तीन म्हणजे 720, दहा सी तीन म्हणजे 120. अक्षर चुकलं की बरोबर उत्तर पर्यायांत सापडतच नाही.

त्याच फोनवर विचारून घ्या: एन वस्तूंतून आर निवडायच्या खुणेसाठी एन सी आर हवं की कंसात वर एन, खाली आर? कंसाची पद्धत गणितज्ञ एटिंग्सहाउझन यांनी 1826 मध्ये आणली, दिसतेही देखणी. पण सीईटीच्या पोरांची नजर एन सी आरवर बसलेली असते. एक काहीतरी ठरवा आणि शेवटच्या प्रश्नापर्यंत तेच ठेवा. कंसच हवा असेल तर लेटेकमध्ये (गणित टाइपसेट करायच्या सॉफ्टवेअरमध्ये) बायनॉम ही आज्ञा आहे, ओळीच्या मजकुरात ती आपोआप लहान होते; तिथे डीबायनॉम मात्र वापरू नका, नाहीतर ओळी फाकतात.

आता खरी गोम. एन सी आरमधल्या डावीकडच्या वरच्या आकड्याला टेकू लागतो. मी एकदा लेटेकमध्ये पाचाला लागून दहा सी तीन टाइप केलं, मधे गुणाकाराची खूण नाही. दहा उडून पाचाच्या डोक्यावर बसला, पाचाचा दहावा घात झाला, आणि 600 उत्तराच्या प्रश्नावर वर्गभर पोरं घाम पुसत बसली. घाताच्या टोपीच्या खुणेआधी (^) रिकामा महिरपी कंस टाकला असता तर हे झालं नसतं. त्याहून नीट काम हवं तर मॅथटूल्स पॅकेजमधली प्रीस्क्रिप्ट ही आज्ञा घ्या. वर्डवाल्यांनी इक्वेशनमध्ये डावीकडे वर-खाली चौकटी असलेला साचा निवडावा. नुसता सुपरस्क्रिप्ट करून भागवू नये. पी आणि सी सरळ ठेवा, तिरपे केले की ते चलासारखे वाचले जातात.

मराठी मजकूर जुन्या फॉन्टमधला असेल तर आधी युनिकोड करून घ्या. लेटेकमध्ये झीलेटेक (युनिकोड फॉन्ट चालवणारा लेटेकचा प्रकार) लावा, फॉन्टला देवनागरी स्क्रिप्ट सांगा, आणि समीकरणात मराठी शब्द आला तर तो टेक्स्ट या आज्ञेच्या कंसात घाला. गणिताच्या फॉन्टात देवनागरी नसते, शब्द गायब होतो.

दहा पॉइंटच्या मजकुरात वरचा एन सात पॉइंटचा पडतो; एन सी आर स्वतःच घातात गेला तर पाचाचा. म्हणून प्रिंटची झेरॉक्स काढा, त्या झेरॉक्सची आणखी एक काढा. तिच्यात बारका आर वाचता आला, तरच मास्टर कॉपी सरांकडे पाठवा.