फ्रेंच आडनावाचं मूळ कसं शोधायचं? (फाफ ड्यू प्लेसीचं घेऊन बघू)

आपल्या पुण्याच्या आयपीएल टीमकडून खेळलेला साउथ आफ्रिकेचा क्रिकेटर फाफ, त्याचं आडनाव ड्यू प्लेसी, शेवटचा स उच्चारायचा नाही.

आधी आडनाव फोडा. सुरुवातीला 'ल' असेल तर बहुतेक रंगरूप नाहीतर धंदा, म्हणजे ल रू तांबड्या केसांचा, लफेव्र लोहार. 'दे' किंवा 'ड्यू' असेल तर गाव किंवा जागा, आपलं 'कर' असतं तसं. प्लेसी म्हणजे जुन्या फ्रेंचमध्ये फांद्या एकमेकांत विणून केलेलं कुंपण, आणि मग त्या कुंपणाच्या आतली वस्ती.

इथपर्यंत सोपंय. पण प्लेसी नावाची गावं फ्रान्समध्ये ढीगभर आहेत, कोणी वडगावकर भेटला की आपण विचारतोच ना, शेरी, बुद्रुक का मावळ? म्हणून नुसत्या अर्थावर खूश होऊ नका, घराण्यातला सगळ्यात जुना माणूस गावासकट शोधा. साउथ आफ्रिकेतल्या ड्यू प्लेसींचा मूळपुरुष जाँ प्रिअर ड्यू प्लेसी, फ्रान्समधल्या प्वातिए शहराचा सर्जन, १६८८ मध्ये जहाजाने केपला, म्हणजे साउथ आफ्रिकेच्या टोकाच्या डच वसाहतीत गेला, कारण १६८५ मध्ये चौदाव्या लुईने प्रोटेस्टंट धर्मच बेकायदा ठरवला होता. आणि गंमत बघा, त्याआधी १६२७-२८ मध्ये प्रोटेस्टंटांच्या ला रोशेल शहराला वेढा घालणारा कार्डिनल रिशल्यू, त्याचंही आडनाव ड्यू प्लेसीच! तेव्हा आडनाव एक म्हणून लगेच भाऊबंद ठरवू नका.

स्पेलिंगवर पण अडून बसू नका, केपला डच वळणाने लिहिता लिहिता व्हिलियों आडनावाचं फिल्यून झालं, क्रोनिएचा स्पेलिंगमधला शेवटचा आर गळाला. सगळी रूपं टाकून सर्च मारा.

आडनाव दुर्मिळ असेल तर उलट बरंच, जिओपात्रोनीम नावाच्या साइटवर १८९१ ते १९९० मधले जन्म जिल्हावार दिसतात, दुर्मिळ आडनाव एकदोन जिल्ह्यांतच सापडलं तर काम निम्मं झालं. मग त्या जिल्ह्याच्या अर्काइव्हच्या (जुन्या दप्तराच्या) साइटवर जा, बऱ्याच ठिकाणी स्कॅन फुकट बघता येतात. १७९२ पासून सरकारी नोंदी, त्याआधीच्या चर्चच्या, बाप्तिस्मा-लग्न-दफन अशा. जुनं अक्षर मोडीइतकंच छळतं, रानडे इन्स्टिट्यूटमध्ये फ्रेंच शिकलेलं कोणी ओळखीचं असेल तर शेजारी बसवून वाचा.

आणि आडनाव टाकलं की 'तुमच्या घराण्याचं राजचिन्ह' म्हणून कॉफीचे मग आणि फ्रेम विकणाऱ्या साइट्स येतील त्यांना पैसे देऊ नका, चिन्ह एखाद्या घराण्याला असायचं, आडनावाला नाही.