लवकर उठून व्यायाम करायचाय? मग पहिले तीन-चार आठवडे व्यायाम विसरा

पहाटे पाचचा गजर, नवे कोरे बूट, उशाशी पाण्याची बाटली. पहिल्या दिवशी माणूस उठतो, धावून येतो आणि भेटेल त्याला ते सांगत सुटतो. चौथ्या दिवशी पोटऱ्या दुखत असतात, डोळे चुरचुरत असतात, आणि गजर कधी बंद केला तेही आठवत नाही. हा प्रयोग मी सहा-सात वेळा केलाय. आरंभशूरपणात मी कुणाला हार जाणार नाही.

चूक कुठे होत होती ते फार उशिरा लक्षात आलं. मी दोन वेगळी कामं एकाच सोमवारी सुरू करत होतो. लवकर उठणं हे शरीरातल्या घड्याळाचं काम, तर व्यायाम हे सवयीचं. दोन्ही एकदम अंगावर घेतली की व्यायाम अर्धवट झोपेत होतो आणि मेंदू 'व्यायाम म्हणजे छळ' अशी नोंद करून मोकळा होतो. म्हणून आधी उठण्याची वेळ सरकवायची, ती पक्की करायची आणि मगच बुटांना हात लावायचा.

१. आपलं घड्याळ कुठे आहे ते बघा

सुटीत, मागची झोप भरून निघाल्यावर, गजराशिवाय तुम्हाला कधी जाग येते? तो तुमचा नैसर्गिक कल. तो काही अंशी आनुवंशिक असतो आणि वयानुसार बदलतो. किशोरवयात घड्याळ उशिराकडे सरकत जातं, विशीच्या आसपास ते सर्वांत उशिरा असतं आणि मग हळूहळू परत फिरतं. घरातला सतरा वर्षांचा मुलगा सकाळी उठत नसेल तर तो सगळाच आळस नसतो, एवढं त्याच्या बाजूने बोलायला हवं.

आता हिशेब करा. प्रौढ माणसाला रोज किमान ७ तास झोप लागते. सहाला उठायचं तर अकराला गाढ झोप लागलेली हवी, म्हणजे साडेदहाला अंथरुणावर. तुमच्या आयुष्यात हे बसतच नसेल तर सहाचा हट्ट सोडा. पाचला उठणाऱ्यांचं कौतुक फार होतं, पण आठऐवजी साडेसहाला उठणाऱ्याच्या हातातही रोज दीड तास जास्त येतो.

२. पंधरा-पंधरा मिनिटांनी सरका

माणसाचं आतलं घड्याळ सरासरी २४ तासांपेक्षा थोडं लांब असतं, साधारण १० मिनिटांनी. त्याला मोकळं सोडलं तर ते रोज थोडं उशिराकडे घसरतं. म्हणून जागरण आपोआप जमतं आणि लवकर उठायला मेहनत पडते. दर तीन दिवसांनी गजर १५ मिनिटं अलीकडे घ्या. आठवरून साडेसहावर यायला ६ टप्पे, म्हणजे १८ दिवस. हळू वाटेल, पण वाटू द्या.

लक्ष उठण्याच्या वेळेवर ठेवा, झोपण्याच्या नाही. झोप हुकमाने येत नाही. उठण्याची वेळ मात्र ठरवता येते आणि ती टिकली की चार-पाच दिवसांत रात्री पेंग आपणहून लवकर यायला लागते. वीसेक मिनिटं कूस बदलत पडला असाल तर उठा, मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणं वाचा आणि डोळे जड झाले की परत या.

रविवारी काय करायचं? फार तर एक तास उशीर. आठवडाभर साडेसहा आणि रविवारी दहा म्हणजे दर आठवड्याला साडेतीन तासांच्या वेळफरकाच्या देशात जाऊन सोमवारी परत येणं. दुपारी थकवा आला तर २० मिनिटांची डुलकी काढा, पण तीनच्या आत.

३. उजेड: सगळी गंमत इथे आहे

या लेखातलं एकच काम करणार असाल तर हे करा. उठल्यावर तासाभरात घराबाहेर पडा आणि २०-३० मिनिटं उघड्यावर राहा. डोळ्यांच्या पडद्यात काही पेशी अशा असतात की त्यांचं मुख्य काम दिसण्याचं नाही, तर दिवस उजाडल्याची खबर मेंदूतल्या घड्याळाला देण्याचं असतं. निळसर उजेडाला त्या सर्वांत जास्त दाद देतात, आणि सकाळच्या आभाळात तो भरपूर असतो. सूर्याकडे बघायचं नाही, नुसतं आभाळाखाली असायचं.

'खोलीत दिवे आहेतच की,' असं वाटेल. घरातला प्रकाश साधारण १०० ते ५०० लक्स (उजेड मोजायचं एकक) असतो. ढगाळ दिवशीही बाहेर कित्येक हजार लक्स मिळतात आणि स्वच्छ उन्हात हा आकडा एक लाखापर्यंत जातो. आपले डोळे जुळवून घेतात म्हणून हा फरक जाणवत नाही, पण घड्याळाला तो कळतो.

यात एक खोच आहे. शरीराचं तापमान रात्री सर्वांत खाली जातं ते आपल्या नेहमीच्या उठण्याच्या दोन-तीन तास आधी. त्या क्षणानंतरचा उजेड घड्याळाला लवकरकडे ओढतो, तर त्याआधीचा उलट उशिराकडे ढकलतो. रोज नऊला उठणारा माणूस जोशात एकदम चारला उठून लख्ख दिवे लावून बसला, तर त्याचं घड्याळ अजूनच उशिराकडे सरकू शकतं. माझे निम्मे प्रयत्न बहुधा इथेच बुडाले.

संध्याकाळी बरोबर उलटं करायचं. झोपण्याआधी दीड-दोन तास दिवे मंद करा आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. कॅफीनचा अंमल अर्ध्यावर यायला साधारण ५ ते ६ तास लागतात, म्हणजे संध्याकाळी पाचला घेतलेल्या कॉफीचा अर्धा भाग रात्री दहाला तुमच्याबरोबरच अंथरुणात शिरतो. दुपारनंतर ती बंदच बरी. मद्याने झोप पटकन लागते, पण उत्तररात्री मोडते.

४. गजर वाजल्यानंतरची पंधरा मिनिटं

साखरझोपेतून उठवलेल्या मेंदूवर धुकं असतं. ते ओसरायला बहुतेकांना १५ ते ३० मिनिटं लागतात. तोवर डोक्यात येणारा 'आजच्या दिवस राहू दे' हा विचार तुमचा नाही, त्या धुक्याचा आहे. त्याच्याशी वाद घालू नका. वाद घालायची वेळच येऊ नये अशी तयारी रात्रीच करून ठेवा: गजर पलंगापासून चार पावलं लांब, कपडे खुर्चीवर, बूट दाराशी. उभे राहा, दिवा लावा, तोंड धुवा.

५. आता व्यायाम, तोही लाज वाटेल इतका थोडा

ठरलेल्या वेळेला सलग आठवडाभर फार त्रास न होता जाग आली की सुरुवात करा. पहिला आठवडा फक्त १० मिनिटं चालणं. जास्त करावंसं वाटलं तरी थांबा, थोडी भूक शिल्लक ठेवा. 'सकाळी व्यायाम करीन' असं मोघम ठरवू नका. 'तोंड पुसलं की बूट घालीन' असं एका कामाला दुसरं काम बांधून टाका.

तसंही तुम्ही सकाळी उजेडासाठी बाहेर जातच आहात. तेच चालणं जरा झपझप केलं की झाला व्यायाम. पुढे दर आठवड्याला ५ मिनिटं वाढवा, पाचव्या आठवड्यात अर्धा तास होतो. आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास म्हणजे १५० मिनिटं, जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सांगितलेलं मध्यम व्यायामाचं किमान प्रमाण. त्याशिवाय दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचे व्यायाम हवेत, पण ती घाई दुसऱ्या महिन्यापर्यंत करू नका.

सकाळचं शरीर संध्याकाळच्या शरीरासारखं नसतं. अंग थंड आणि आखडलेलं असतं, त्यामुळे पहिली दहा मिनिटं संथ हालचालींना द्या. मणक्यांमधल्या चकत्या रात्रभरात पाणी शोषून फुगतात. सकाळी आपली उंची एखाद-दोन सेंटिमीटर जास्त भरते ती यामुळेच. अशा फुगलेल्या चकत्यांवर वाकताना जास्त ताण येतो. उठल्या उठल्या पायाचे अंगठे धरायला जाणाऱ्यांना म्हणून सांगावंसं वाटतं की आधी अर्धा-पाऊण तास जाऊ द्या. जड वजनांचंही तेच.

हृदयविकाराचे झटके सकाळच्या वेळेत जास्त येतात. हृदयाचा त्रास किंवा रक्तदाब असलेल्यांनी, आणि मधुमेहासाठी इन्शुलिन घेणाऱ्यांनी, सुरुवात करण्याआधी डॉक्टरांशी बोलावं.

आणि सकाळ पवित्र वगैरे नाही. ताकद आणि वेग बहुतेकांचा दुपारनंतर, संध्याकाळकडे चांगला असतो. सकाळचा फायदा एवढाच की त्या वेळेवर अजून कुणी हक्क सांगितलेला नसतो. रात्री चारच तास झोप झाली असेल तर सरळ व्यायाम सोडा आणि ५ मिनिटं उजेडात उभे राहून या.

६. मोडल्यावर

मोडणारच. प्रवास, ताप, घरातलं कार्य, काहीही होईल. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमधल्या संशोधकांनी २०१० मध्ये ९६ जणांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात नवी सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागल्याचं दिसलं. पण हा मधला आकडा, कारण कुणाला १८ दिवस पुरतील तर कुणाला २५४ लागतील असा त्यांचा अंदाज होता. मधला एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही, हेही त्यातच दिसलं. नव्याचे नऊ दिवस संपल्यावर उरलेले सत्तावन्न काढायचे असतात, इतकंच.

खंड पडला की मागच्या ठिकाणाहून उडी मारू नका. पहिले दोन दिवस फक्त उठण्याची वेळ आणि उजेड. तिसऱ्या दिवशी १० मिनिटं चालणं. आठवड्याभरात बहुधा पूर्वीच्या जागी याल. आणि दोन महिने नीट करूनही दिवसभर पेंग येत असेल, घोरणं मोठं असेल किंवा झोपेत श्वास अडकतो असं घरचे सांगत असतील, तर गजराशी झगडणं थांबवून झोपेची तपासणी करून घ्या.