टर्बो गाडीला ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह बसवताना

बोनेट उघडण्याआधी टाकीत पेट्रोल आहे की डिझेल ते आठवा. साताऱ्यात फिरणाऱ्या टर्बो गाड्यांत बोलेरो-स्कॉर्पिओसारख्या डिझेल गाड्या भरपूर, आणि डिझेलला हा व्हॉल्व्ह लागतच नाही. पेट्रोल इंजिनात ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की थ्रॉटलची झडप बंद होते, पण टर्बो, म्हणजे इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा पंखा, मिनिटाला लाखाच्या घरात फिरत हवा ढकलतच राहतो. ती हवा बंद झडपेवर आपटून उलटी टर्बोवर येते. ही कोंडलेली हवा सोडणं एवढंच व्हॉल्व्हचं काम. डिझेल गाडी हवा अडवून नाही, इंधन कमी करून मंदावते. त्यामुळे ‘डिझेलसाठी खास’ म्हणून विकतात ते किट फक्त आवाज काढतं. ते घेऊ नका.

टर्बो पेट्रोल गाडीला कंपनीचा व्हॉल्व्ह बहुधा असतोच आणि रीमॅप करून (इंजिनाच्या कंप्युटरची सेटिंग बदलून) बूस्ट, म्हणजे टर्बोचा हवेचा दाब, वाढवलेला नसेल तर तो पुरतो. नवा बसवल्याने पॉवर वाढत नाही. पिकअप पडला असेल तर आधी जुनाच तपासा. व्हॅक्यूमवर, म्हणजे इंजिनाच्या हवेच्या ओढीवर, चालणारा असेल तर त्याच्या बारीक नळीच्या तोंडाला इंजेक्शनची सिरिंज लावून दट्ट्या ओढा. आतला पडदा हलून तसाच टिकला तर व्हॉल्व्ह ठीक. लगेच सुटला तर रबर फाटलंय. काही गाड्यांत हा व्हॉल्व्ह वायरिंगवर चालतो. तिथे त्याच मॉडेलसाठी बनवलेलाच घ्यावा, जुगाड करू नये.

आता निवड. एक प्रकार हवा बाहेर सोडतो, तोच तो ‘फुस्स’ आवाज. दुसरा ती परत टर्बोच्या आधीच्या पाइपात देतो. एअर फिल्टरच्या डब्यापुढच्या पाइपावर हवा मोजणारा सेन्सर असेल, तर दुसराच घ्या. ईसीयूने (इंजिनाच्या कंप्युटरने) मोजलेली हवा तुम्ही बाहेर सोडलीत, तर तो तिच्या हिशोबाने पेट्रोल टाकतो. मिश्रण जाड होतं, गाडी झटके देते, सिग्नलला बंदही पडते. माझं मत विचाराल तर रोजच्या गाडीला दुसराच प्रकार बरा. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाही, २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. वॉरंटीचा प्रश्न वेगळाच.

बसवताना इंजिन पूर्ण गार होऊ द्या, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. व्हॉल्व्ह इंटरकूलर (टर्बोची गरम हवा गार करणारी जाळी) आणि थ्रॉटल यांच्यामधल्या पाइपावर बसतो. तयार ॲडॉप्टर मिळत नसेल तर एमआयडीसीत लेथवर ॲल्युमिनियमचा फ्लँज (व्हॉल्व्ह बसवायची चकती) करून आर्गन वेल्डिंग करून घ्या; एम-सील टिकत नाही. पाइप गाडीवर असताना भोक पाडू नका, एक कीस जरी आत गेला तरी इंजिनाचं काम निघेल. व्हॉल्व्हला व्हॅक्यूम देणारी बारीक नळी थ्रॉटलच्या पुढे, इंजिनाच्या बाजूला, इनटेक मॅनिफोल्डवरून (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या भागावरून) घ्या. शक्य तितकी आखूड, आणि ब्रेक बूस्टरच्या नळीला टी मारून मुळीच नाही.

व्हॅक्यूम व्हॉल्व्हला उघडायला ओढतो, आतली स्प्रिंग त्याला बंद ठेवते. या स्प्रिंगकडे मिस्त्री सहसा बघत नाहीत, आणि आपल्या भागात तीच महत्त्वाची. सातारा समुद्रसपाटीपासून साधारण ७०० मीटरवर. म्हणून इथे स्लोला (गाडी उभी, इंजिन चालू असताना) व्हॅक्यूम गेजवर चिपळूणपेक्षा दोन-अडीच इंच कमी दिसतात, महाबळेश्वरला आणखी दोनेक इंच कमी. इथे जेमतेम बंद राहील एवढी सैल स्प्रिंग ठेवली, तर कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला गेल्यावर, व्हॅक्यूम वाढल्याने, व्हॉल्व्ह स्लोलाच उघडा राहील. बाहेर सोडणारा असेल तर त्यातून फिल्टर न झालेली हवा आत येईल, आणि ऊसतोडीच्या हंगामात रस्त्यावर किती धूळ असते ते सांगायला नको. तेव्हा स्प्रिंग थोडी कडक ठेवा. पण फार आवळलीत तर व्हॉल्व्ह वेळेवर उघडणार नाही आणि पाय काढल्यावर फडफड ऐकू येईल.

गळती तपासायला इंजिन बंद ठेवून टर्बोच्या हवा आत घेणाऱ्या तोंडाशी ट्यूबलेस टायरचा वॉल्व्ह बसवलेलं झाकण लावा आणि पंक्चरवाल्याकडून १० पीएसआय हवा भरून घ्या, त्याहून जास्त नाही. सांध्यांवर साबणाचं पाणी मारा, बुडबुडे आले की क्लिप आवळा. मग यवतेश्वरच्या चढावर रेस देऊन पाय काढून पाहा. कासच्या फुलांचा हंगाम असेल तर गर्दी टाळून, पहाटे.

दोनेकशे किलोमीटरनंतर क्लिप पुन्हा आवळा. कंपनीचा जुना व्हॉल्व्ह फेकू नका, गाडी विकताना किंवा पासिंगला तोच लागेल.