हिरोशिमाच्या शांतता उद्यानात जाताना: दोरा घ्या

पासपोर्ट, छत्री, पाण्याची बाटली हे सांगायला नको. बूट मात्र वापरातलेच घाला. गाइडबरोबरच्या फेरीत चालण्यापेक्षा उभं राहून ऐकणं जास्त असतं, आणि पाय त्यानेच भरून येतात.

आता मुद्द्याचं. मुलांकडून कागदी करकोचे करून नेणार असाल तर ते घरीच दोऱ्यात ओवा. सुटे नेऊ नका. बरं व्हायचं म्हणून आजारपणात असे हजार करकोचे करायला घेतलेल्या सादाको सासाकी या मुलीच्या आठवणीत १९५८ साली उभारलेल्या मुलांच्या स्मारकाभोवती काचेच्या खोल्या आहेत, तिथे माळा टांगतात. माळा! सुट्या करकोच्यांची पिशवी टांगणार कुठे? गेल्या वेळी गाइड पुढच्या स्मारकाकडे निघाला आणि आम्ही एकमेकांच्या पर्स उचकत सुई शोधत बसलो. पिशवी आली तशी परत.

ओवायचं असं: पोटाखालच्या बारीक भोकातून सुई घालून पाठीतून बाहेर काढा. तळाशी मणी किंवा जुनं बटण बांधा, नाहीतर खालचा निसटला की मागोमाग सगळा सर ओघळतो. शिवणयंत्राचा दोरा चालत नाही, गोधडीचा जाड दोरा घ्या. वर बोटभर फास ठेवा. हजार करायचे तर ४०-४० चे २५ सर सोयीचे पडतात, पण हजारच हवेत असं काही नाही. बुटांच्या खोक्यात सैल ठेवून हातातल्या बॅगेत न्या. आणि कितीही नीट ओवलेत तरी दोऱ्याचं एक रीळ जवळ असू द्या. एखादा सर तुटतोच.

सादाकोची गोष्ट मुलांना घरीच सांगून ठेवा. बॉम्ब पडला तेव्हा ती २ वर्षांची होती, १९५५ मध्ये १२ व्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने गेली. तिथे गाइडच्या भरभर इंग्रजीत मुलांना निम्मं कळत नाही, मग ती कबुतरांच्या मागे धावतात.

फेरी बहुधा घुमटापासून, म्हणजे बॉम्बनंतर अर्धवट उभ्या राहिलेल्या इमारतीपासून सुरू होते. यान लेट्झेल या चेक वास्तुविशारदाची ही १९१५ ची इमारत. सगळे तिथे फोटोत अडकतात. गाइडला आधीच सांगा की शिमा हॉस्पिटलकडे न्या. ६ ऑगस्ट १९४५ ला सकाळी ८:१५ वाजता बॉम्ब फुटला तो त्याच्या डोक्यावर, सुमारे ६०० मीटरवर. घुमटापासून दोन-तीन मिनिटांची वाट. गल्लीत एक फलक आहे, न विचारता कुणी नेत नाही. कोरियन बळींचं स्मारकही मुद्दाम मागून घ्या. १९७० पासून ते उद्यानाबाहेर होतं, आत आणलं १९९९ मध्ये. गवताचा उंचवटा दिसेल, त्यावर मुलांना चढू देऊ नका. ओळख न पटलेल्या सुमारे ७०,००० जणांच्या अस्थी आहेत तिथे. वास्तुविशारद केंझो तांगे यांनी बॉम्बच्या बळींसाठी उभारलेल्या स्मारकाच्या कमानीसमोर लोक ओळीने वाकून नमस्कार करतात, सेल्फीसाठी मध्ये घुसू नका. घुमटाजवळच नदीकाठी गांधीजींचा अर्धपुतळा आहे, २०२३ चा. आपल्याकडचे लोक तो शोधतातच, म्हणून सांगितलं.

संग्रहालय गाइडच्या फेरीत धरलेलं असेलच असं नाही, बुकिंग करतानाच विचारा. बंद व्हायच्या अर्धा तास आधी प्रवेश थांबतो, पण अर्ध्या तासात काहीही होत नाही. आत जळालेली तीनचाकी सायकल आहे. वडिलांनी ती मुलासोबत अंगणात पुरली होती, १९८५ मध्ये उकरून काढली. लहान मुलांना कुठवर दाखवायचं ते दारातच ठरवा, आत गेल्यावर गर्दीत मागे फिरणं अवघड. भरल्या पोटी जाऊ नका.

६ ऑगस्टला पहिल्यांदा जाणार असाल तर नकोच. सोहळ्याची गर्दी, त्यात बंदोबस्त.

ट्रामला सुटे पैसे. हात पुसायला रुमाल. दोरा घेतलात का? शाकाहारी असाल तर ओकोनोमियाकी (तिथलं कोबी घातलेलं जाड धिरडं) मागवताना ‘मांस नको’ एवढ्यावर भागत नाही, वरून माशाचा कीस भुरभुरतात, तोही नको म्हणा. कचरा आपल्याच पिशवीत.